दात कशाने भरून घ्यावा? फिलिंगची निवड, त्याची कड आणि नंतरची निगा

भरलेला दात पुन्हा किडला की दोष बहुधा फिलिंगच्या पदार्थाला दिला जातो. सिमेंट हलके होते, चांदी जुनी झाली, मसाला नीट बसला नाही, असे इंदूरच्या आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. तो दात उघडून पाहिला तर मात्र पुष्कळदा फिलिंगचा मधला भाग शाबूत असतो आणि कीड शिरलेली असते ती दात व फिलिंग यांच्या सांध्यातून. पावसाळ्यात गच्ची गळते तेव्हा पाणी फरशीतून उतरत नाही, फरश्यांच्या जोडातून उतरते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून दात भरून घेण्यापूर्वी ‘सर्वांत चांगला पदार्थ कोणता’ असे विचारण्यापेक्षा ‘माझ्या या दातात, या जागी, कोणत्या पदार्थाची कड जास्त काळ बंद राहील’ असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांशी बोलून कसे शोधावे आणि एकदा केलेले फिलिंग कसे टिकवावे, हे पुढे सांगितले आहे.

कीड लागते कशी, आणि फिलिंग तिला अडवते कसे

दाताच्या बाहेरच्या कवचाला एनॅमल म्हणतात. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असलेले हे कवच शरीरातील सर्वांत कठीण भाग असले, तरी आम्लापुढे त्याचा टिकाव लागत नाही. तोंडातील जंतू, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावर साचलेल्या थराचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा (तो जितका कमी तितके आम्ल तीव्र), साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच पीएच खाली येतो आणि लाळेच्या मदतीने तो पूर्वपदावर येण्यास अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतरच्या निवांत वेळात लाळेतील खनिजे पुन्हा दातात बसतात आणि तोंडात थोडे जरी फ्लोराइड असले, तरी हे काम अधिक जोमाने होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले, हे दाताच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. सकाळी पोहे-जिलबी, अकराच्या सुमारास गोड चहा, संध्याकाळी छप्पन दुकानला शिकंजी आणि रात्री उशिरा सराफ्यात मालपुवा किंवा रबडी, असा दिवस गेला तर दाताला सावरायला उसंत मिळत नाही. पोह्यांवर, उसळीवर आणि इंदुरात जवळपास प्रत्येक खाण्यावर भुरभुरली जाणारी शेवही निर्दोष नाही. तिचा पिठूळ चोथा दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत अडकून राहतो आणि त्यातील स्टार्चचे लाळेमुळे साखरेत रूपांतर होते. त्यातही रात्रीचे खाणे अधिक बाधते, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते.

फिलिंगमुळे ही प्रक्रिया थांबत नाही, हे आधीच नीट समजून घ्यावे. फिलिंग करते ते इतकेच, की ब्रश जिथे पोहोचत नाही असा खड्डा बुजवून तिथे अन्न साचू देत नाही, आत उरलेल्या जंतूंचा बाहेरच्या साखरेशी संबंध तोडते आणि काही पदार्थांच्या बाबतीत शेजारच्या दाताला थोडेथोडे फ्लोराइड पुरवते. कोणता पदार्थ यांपैकी काय चांगले करतो आणि काय करत नाही, यावर सारी निवड अवलंबून असते.

भरण्याआधी : खड्डा आहे की नुसता डाग?

प्रत्येक डाग भरायचा नसतो. किडीची पहिली खूण म्हणजे एनॅमलवरचा खडूच्या रंगाचा निस्तेज पांढरा डाग. तो दात वाळवल्यावर अधिक ठळक दिसतो. पृष्ठभाग तुटलेला नसेल तर हा डाग तिथेच थांबवता येतो, आणि त्यासाठी ड्रिल लावण्याची गरज नसते. दवाखान्यात लावले जाणारे 5 टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश, घरी फ्लोराइडची पेस्ट आणि खाण्याच्या वेळांवर थोडे नियंत्रण, एवढ्यावर कित्येक डाग वर्षानुवर्षे आहेत तसेच राहतात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न असा विचारावा, ‘डॉक्टर, वरचा पृष्ठभाग तुटला आहे का, आणि एक्स-रेमध्ये कीड डेंटिनपर्यंत गेलेली दिसते का?’ एनॅमलच्या आतल्या, तुलनेने मऊ थराला डेंटिन म्हणतात. दोन दातांच्या मधली कीड नुसत्या डोळ्यांनी बहुधा दिसत नाही, त्यामुळे तिथे एक्स-रेशिवाय घेतलेला निर्णय कच्चा राहतो.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. झाबुआ, धार, अलीराजपूर या भागांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे बालपण गेलेल्यांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतात. ती कीड नव्हे. तसे पट्टे असतील तर लहानपणी कुठले पाणी प्यायलात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एक तर निदान चुकत नाही, आणि दुसरे असे की अशा एनॅमलवर आम्लाचा परिणाम उशिरा होत असल्याने, आधी आम्ल लावूनच चिकटवले जाणारे पांढरे कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे फिलिंग) बसवताना डॉक्टरांना पद्धतीत थोडा बदल करावा लागतो.

घरात लहान मूल असेल तर पुढील भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, मुलाला फारसे दुखतही नाही, आणि त्यामुळे आईवडील, आजी-आजोबा सगळेच तिला दुधाची दाढ समजतात. ‘पडायचीच आहे, भरून काय करायचे’ हे वाक्य मी याच दाढेबद्दल सर्वाधिक ऐकले आहे. ही दाढ कायमची असते, आयुष्यभर चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो, आणि तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत जात नाही. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवावे, स्वच्छ बोटाने गाल बाजूला धरावा आणि खालच्या जबड्यात मधल्या रेषेपासून एका बाजूचे दात मोजावेत. दुधाचे पाच असतात. सहावा दिसला तर तीच ही दाढ.

या खाचा कीड लागण्यापूर्वीच पातळ रेझिनने (प्लास्टिकसारख्या पदार्थाने) किंवा ग्लास आयोनोमर या सिमेंटने बुजवता येतात. त्याला सीलंट म्हणतात. त्यासाठी दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही आणि बहुतेक वेळा एकाच भेटीत काम आटोपते. दाढ अर्धवट हिरडीखाली असेल आणि लाळ आवरत नसेल, तर तूर्त ग्लास आयोनोमरचे सीलंट लावून घ्यावे आणि दाढ पूर्ण वर आल्यावर रेझिनचे लावावे. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पुढच्या दाढेलाही हेच लागू आहे. किडीला अडवणाऱ्या सगळ्या दंतपदार्थांत मला सीलंट सर्वांत मोलाचे वाटते आणि आपल्या घरांत तेच सर्वांत कमी मागितले जाते, याचे वाईट वाटते.

ग्लास आयोनोमर : फ्लोराइड देणारे सिमेंट

लोक ज्याला नुसते ‘सिमेंट’ म्हणतात ते बहुधा हेच असते. ब्रिटनमधील ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी विकसित केलेल्या या पदार्थाची माहिती 1972 मध्ये दंतवैद्यांसमोर आली. फ्लोराइडयुक्त काचेची बारीक पूड आणि पॉलिअॅक्रिलिक आम्ल एकत्र कालवले की काही मिनिटांत ते घट्ट होते. घट्ट होताना ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते, त्यामुळे ते बसवण्यासाठी निरोगी दात फारसा कोरावा लागत नाही. त्यातून फ्लोराइड बाहेर पडत राहते. पहिल्या एक-दोन दिवसांत ते सर्वाधिक असते आणि पुढे कमी होत जाते. पेस्टमधील फ्लोराइड मात्र हा पदार्थ पुन्हा शोषून घेतो आणि सावकाश परत सोडतो. म्हणजे या फिलिंगचा फायदा रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणाऱ्यालाच अधिक मिळतो.

याची ताकद मात्र कमी आहे. मोठ्या दाढेच्या माथ्यावर, जिथे रोज भाकरी, सुपारी, भाजलेले दाणे चावले जातात, तिथे ते झिजते किंवा त्याचा तुकडा उडतो. म्हणून ते कुठे वापरावे, हे ठरवताना जागा पाहावी. हिरडीलगतच्या, मुळाजवळच्या किडीसाठी, लहान मुलांच्या दुधाच्या दातांसाठी आणि जिथे लाळ पूर्ण आवरता येत नाही अशा जागी ते इतर पदार्थांहून भरवशाचे ठरते. वय वाढते तशा हिरड्या खाली सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते; मुळावर एनॅमल नसते आणि तिथले डेंटिन 6.2 ते 6.4 पीएचलाच विरघळू लागते, म्हणजे ज्या सौम्य आम्लाने एनॅमलचे काही बिघडत नाही, त्यानेही मूळ किडते. रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडत असेल तर हा धोका आणखी वाढतो. ‘बाळा, उगाच पांढरे महागाचे नको, पण पुन्हा पुन्हा यायलाही नको’ असे राजेंद्र नगरच्या एका आजींनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या तीनही दातांच्या मुळाशी ग्लास आयोनोमर भरणे हाच त्यांच्या दोन्ही इच्छांना धरून असलेला मार्ग होता. स्वस्त म्हणून ते कमी प्रतीचे, असा समज करून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला.

या सिमेंटच्या आधारे 1980 च्या दशकात टांझानियात एक पद्धत आकाराला आली. तिच्यात वीज आणि ड्रिल न वापरता केवळ हाताच्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढतात आणि खड्डा ग्लास आयोनोमरने भरतात. ड्रिलच्या आवाजाला घाबरणारे मूल असेल किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा दात घरीच भरायचा असेल, तर डॉक्टरांना या पद्धतीविषयी अवश्य विचारावे. रेझिन मिसळलेले ग्लास आयोनोमरही मिळते. ते प्रकाशाने लगेच घट्ट होते, साध्या प्रकाराहून मजबूत असते आणि फ्लोराइडही देते.

साधे ग्लास आयोनोमर भरल्यावर पहिल्या दिवशी जपावे लागते. ते पूर्ण पक्के होण्यास सुमारे 24 तास लागतात. त्या काळात ते फार ओले किंवा फार कोरडे झाले तर त्याला बारीक तडे जातात. म्हणून डॉक्टर वरून व्हार्निश किंवा व्हॅसलीनचा थर लावतात. त्या दिवशी त्या बाजूने काहीही कडक चावू नये.

कॉम्पोझिट : दिसायला दातासारखे, करायला कष्टाचे

दाताच्या रंगाचे म्हणून मागितले जाणारे फिलिंग म्हणजे कॉम्पोझिट, अर्थात काचेचे सूक्ष्म कण मिसळलेले रेझिन. मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवून दिले, की एनॅमलला फॉस्फोरिक आम्ल लावल्यास त्यावर रेझिन घट्ट चिकटते. पुढे 1962 च्या सुमारास राफेल बोवेन यांनी तयार केलेल्या रेझिनमुळे आजचे कॉम्पोझिट शक्य झाले. ते दाताला चिकटत असल्याने कमी कोरावे लागते, समोरच्या दातांवर शोभते आणि नीट केले तर दाढेतही अनेक वर्षे टिकते.

‘नीट केले तर’ या शब्दांत सगळे आले. दात धुऊन, आम्लाचा निळा जेल काही सेकंद लावून, पुन्हा धुऊन वाळवला की एनॅमलची चमक जाऊन ते पांढरट आणि खरखरीत दिसते. या क्षणी तिथे लाळेचा एक थेंब जरी पोहोचला, तरी चिकटण्याची ताकद घटते आणि कड सुरुवातीपासूनच कच्ची राहते. शिवाय रेझिन घट्ट होताना सुमारे 2 टक्के किंवा त्याहून थोडे अधिक आकसते. एकदम मोठा गोळा भरून प्रकाश दिला तर ते कडेपासून ओढले जाते आणि तळाचा भाग कच्चाही राहतो. म्हणून नेहमीचे कॉम्पोझिट साधारण 2 मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थराला निळा प्रकाश देतात. यात वेळ जातो. दाढेत कॉम्पोझिट करायचे ठरले तर डॉक्टरांना दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात : रबर डॅम लावणार का, म्हणजे दाताभोवती रबराचा पडदा लावून लाळ पूर्ण अडवणार का, आणि थर देऊन भरणार का. या प्रश्नांनी चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

साध्या कॉम्पोझिटमधून फ्लोराइड मिळत नाही आणि त्याच्या कडेला जंतूंचा थर सहज साचतो. दाढांमध्ये केलेल्या तुलनात्मक अभ्यासांत चांदीच्या फिलिंगपेक्षा कॉम्पोझिटच्या कडेने पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. ज्याचे नवे नवे दात किडत आहेत, जो दिवसभर गोड चहा पितो आणि ज्याचा फ्लॉसशी, म्हणजे दातांच्या फटी साफ करण्याच्या धाग्याशी, संबंध नाही, त्याने मागच्या दाढेत केवळ रंगासाठी कॉम्पोझिटचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कीड आटोक्यात आणावी, मग रंगाचा विचार करावा.

गुटखा आणि सुपारीने ज्यांचे तोंड कमी उघडते, त्यांच्यासाठी ही अडचण दुहेरी असते. मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी-तंबाखूची सवय सुटलेली नाही. तोंड दोन बोटेही उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत रबर डॅम आणि प्रकाशाचे यंत्र नेणे अवघड होते. अशा वेळी फिलिंगच्या आधी तोंड उघडण्यावरच उपचार घ्यावेत.

चांदी : काढून टाकावी का?

चांदी म्हणून ओळखले जाणारे अमाल्गम हे चांदी, कथील, तांबे यांच्या मिश्रधातूची पूड आणि पारा यांपासून बनते. पाऱ्याचे प्रमाण जवळपास निम्मे असते. ते दाताला चिकटत नाही, त्यामुळे ते अडकून राहावे म्हणून निरोगी दातही कोरावा लागतो. मात्र काळ जातो तसे त्याच्या कडेला गंजाचे पदार्थ साचून ती फट आपोआप बुजते, आणि थोड्या ओलाव्यातही ते तग धरते. दीडशेहून अधिक वर्षे ते टिकले, ते या गुणांमुळे.

पाऱ्याच्या पर्यावरणावरील परिणामामुळे आता त्याचा वापर कमी होत आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने त्याची सुरुवात केली. भारताने 2018 मध्ये या कराराला मान्यता दिली. युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून वैद्यकीय गरजेचा अपवाद वगळता ते वापरता येत नाही. दुधाच्या दातांत, 15 वर्षांखालील मुलांना आणि गर्भवती किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना ते देणे टाळावे, असेही या करारातील देशांनी ठरवले आहे. नव्याने भरताना हे ध्यानात ठेवावे. पण तोंडात आधीच असलेली आणि कडा शाबूत असलेली चांदी केवळ भीतीपोटी काढून घेऊ नये. काढताना ती ड्रिलने फोडावी लागते, त्या वेळी पाऱ्याची वाफ अधिक बाहेर पडते आणि चांगल्या दाताचाही काही भाग जातो.

खोल खड्डा, तात्पुरते फिलिंग आणि काळे पडणारे औषध

कीड दाताच्या नसेजवळ गेली असेल तर सगळी कीड ओरबाडून काढण्याचा आग्रह आता धरला जात नाही. खड्ड्याच्या कडा पूर्ण स्वच्छ करतात, नसेलगतचा मऊ थर थोडा तसाच ठेवतात आणि वरून घट्ट बंद करतात. अन्न न मिळाल्याने उरलेले जंतू निष्प्रभ होतात आणि नस वाचण्याची शक्यता वाढते. नस उघडी पडली किंवा अगदी जवळ असली तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा एमटीए (नस झाकण्याचे एक सिमेंट) यांसारखा पदार्थ आधी लावतात. डॉक्टरांनी ‘थोडी कीड मुद्दाम ठेवली आहे’ असे सांगितले तर घाबरू नये. फक्त वरची कड पक्की आहे ना, हे सहा महिन्यांनी तपासून घ्यावे.

लवंगेच्या तेलातील युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचे तात्पुरते फिलिंग दुखणे शमवते. ते काही आठवड्यांपुरतेच असते. दुखणे थांबले म्हणून पुढची भेट टाळली, तर ते झिजते आणि कीड पुन्हा चालू होते. दाढेच्या भिंतीच उरल्या नसतील तर कोणतेही फिलिंग टिकत नाही. तिथे कॅप हाच उपाय असतो.

38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध किडलेल्या जागी सुमारे मिनिटभर लावतात. चांदी जंतूंना मारते, फ्लोराइड दात कठीण करते, आणि लहान मुलांची बरीचशी कीड ड्रिलशिवाय थांबते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो, हे आधी मान्य असले पाहिजे. चांदीची ॲलर्जी असेल तर ते वापरू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला भूल देऊन उपचार करण्याची वेळ आली असेल, तर पडून जाणाऱ्या दाढेवरचा काळा डाग पत्करणे मला शहाणपणाचे वाटते.

खर्चाची अडचण असणाऱ्यांनी एम. वाय. रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा विचार अवश्य करावा. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, म्हणून सकाळी लवकर आणि मोकळा वेळ काढून जावे.

खुर्चीवरून उठण्यापूर्वी आणि घरी आल्यावर

फिलिंग झाल्यावर डॉक्टर रंगीत कागद दातांत धरून चावायला सांगतात. जीभ बधिर असल्याने फिलिंग उंच राहिले तरी त्या वेळी कळत नाही. बधिरता उतरल्यावर तीच जागा आधी लागत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये. दोन दिवसांत परत जाऊन घासून घ्यावे. उंच राहिलेले फिलिंग तुटते, किंवा दात ठणकू लागतो. थंड पाण्याने एक-दोन आठवडे कळ येणे सामान्य आहे. काही न खाता रात्री दात ठणकणे किंवा गरम चहाने आलेली कळ बराच वेळ न थांबणे, ही मात्र नस दुखावल्याची खूण असते.

दोन दातांच्या मधल्या फिलिंगची परीक्षा घरी फ्लॉसने घेता येते. फ्लॉस हलक्या हाताने खाली नेऊन फिलिंगच्या बाजूने वर आणावा. तो दर वेळी एकाच जागी अडकत असेल किंवा त्याचे धागे सुटत असतील, तर तिथे कड बाहेर आलेली आहे किंवा फट पडली आहे. तो अलगद निघाला पण शेवेचा, मांसाचा किंवा पालेभाजीचा तंतू रोज त्याच फटीत अडकत असेल, तर दोन दातांचा एकमेकांना होणारा स्पर्श सैल आहे. दोन्ही बाबी डॉक्टरांना दाखवाव्यात आणि दुरुस्त करून घ्याव्यात. टाचणी, आगकाडी किंवा सेफ्टीपिनने ती जागा कोरू नये. कड तुटते आणि हिरडी जखमी होते.

पेस्ट घेताना ट्यूबवर फ्लोराइडचे प्रमाण वाचावे. भारतात ते कमाल 1000 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 1000 भाग) असते. वनौषधींच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते नसते. ज्याच्या तोंडात फिलिंग आहे, त्याने अशी पेस्ट वापरणे म्हणजे ग्लास आयोनोमरचा निम्मा उपयोग घालवणे होय. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश झाल्यावर फेस थुंकावा, पण खळाळून चुळा भरू नयेत. थोडे फ्लोराइड दातांवर राहू द्यावे. खरखरीत दंतमंजनाने मुळाजवळचे फिलिंग आणि दात दोन्ही झिजतात.

सराफ्यातून रात्री घरी आल्यावर काही न करता झोपू नये. आधी साध्या पाण्याने भरपूर चूळ भरावी. लिंबाचे किंवा आंबट काही खाल्ले असेल तर मऊ पडलेले एनॅमल घासले जाऊ नये म्हणून अर्धा तास थांबावे आणि मग ब्रश करावा. त्यानंतर पाण्याखेरीज काहीही घेऊ नये.

फिलिंग कधी बदलावे, आणि ते पडले तर

जुनेपणा हे फिलिंग बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. दर वेळी बदलताना खड्डा थोडा मोठा होतो आणि तसे तीन-चारदा झाले की दात कॅपपर्यंत पोहोचतो. कडेचा रंग नुसता बदलला असेल तर ती कडा घासून चकचकीत करणे किंवा तेवढाच भाग दुरुस्त करणे पुरेसे ठरते. कडेत अवजाराचे टोक शिरते आहे, खाली मऊ लागते आहे, एक्स-रेमध्ये फिलिंगखाली काळी छाया दिसते आहे किंवा दाताची भिंत तडकली आहे, यांपैकी काही असेल तरच बदलावे. डॉक्टरांनी बदलण्याचा सल्ला दिला तर कारण विचारावे आणि एक्स-रे दाखवायला सांगावा.

फिलिंग अचानक निखळले तर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरून खड्डा स्वच्छ ठेवावा, त्या बाजूने चावू नये आणि गोड टाळावे. औषधांच्या काही दुकानांत तात्पुरते भरण्याचे सिमेंट मिळते. डॉक्टरांची भेट दूर असेल तर ते वापरण्यास हरकत नाही. लवंगेच्या तेलाचा बोळा दुखत असेल तेवढाच वेळ आणि खड्ड्यापुरताच ठेवावा, कारण तेल हिरडीला लागले तर ती भाजते. फेव्हिक्विकसारख्या गोंदाने तुकडा परत चिकटवू नये. निखळलेला तुकडा आणि मूळ काम केल्याची चिठ्ठी असल्यास सोबत घेऊन दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे, आणि कोणता पदार्थ, कधी व कोणत्या दातात भरला, ही नोंद या वेळी तरी लिहून मागून घरच्या फाइलमध्ये ठेवावी.